फुकटची होडी आणि तात्यांचं धोतर

फुकट मिळालेली वस्तू नाकारायची नाही, हा आमच्या घराण्यात सर्वांनी पाळलेला एकमेव नियम आहे. म्हणूनच दोन हजार सालच्या आसपास मी एका होडीचा मालक झालो.

तेव्हा मी डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठावरच्या एका वाडीत मास्तर होतो. माझी सासुरवाडी बरोबर समोरच्या काठावर. आमच्या ओट्यावरून सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, गोठ्याचे पत्रे चमकताना दिसायचे. पण तिथं जायचं तर पाण्याला वळसा घालून, दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडायचा. त्यात तात्यांचे गुडघे धरलेले. लेकीकडे यायचं म्हटलं की ते आधी दोन दिवस गुडघ्यांना तेल लावत बसायचे.

काठावर कोंडाजीबाबांची मासेमारीची लाकडी होडी चार-पाच वर्षं उपडी पडली होती. बाबांनी डोळ्यांपायी जाळं टाकणं सोडलं होतं, आणि होडीखाली एका कुत्रीनं संसार थाटला होता. मी सहज विचारलं, तर बाबा म्हणाले, "न्या की मास्तर. पडूनच हाय." सरळ केली तेव्हा तिच्या तळातून पलीकडचा डोंगर दिसत होता. आणि मी काही साधा डोंगर दिसला म्हणून माघार घेणारा माणूस नव्हे.

दुरुस्तीवर पैसा घालवायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. जिथं फळी कुजली होती तिथं टोमॅटोच्या खोक्यांच्या फळ्या ठोकल्या. बांबूंना त्याच फळ्या बांधून वल्ही केली. फटींत कोंबायला कापड लागतं, म्हणून माळ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातली एक साडी फाडून तिच्या चिंध्या केल्या. (माळ्यावर दोन गाठोडी होती, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.) रस्त्याच्या कामावरच्या मुकादमानं उरलेलं डांबर दिलं. ते गरम करून फटींवर ओतलं, तरी डबाभर शिल्लक राहिलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून बसायच्या फळीवर चांगला बोटभर जाड थर दिला. वर देवळाच्या दाराचा उरलेला हिरवा रंग फासला. होडी अशी दिसायला लागली, की येणारा-जाणारा उभं राहून बघायचा. ते कौतुकानं बघतात, असा माझा समज होता.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या मेहुणीचं, लताचं, लग्न जमत आलं. राजुरीचे पाहुणे सुपारी फोडायला यायचे होते. तात्यांच्या घरापर्यंत जीप जात नव्हती, म्हणून बैठक आमच्या घरी ठरली. लता आठ दिवस आधीच आमच्याकडे येऊन राहिली होती. आता फक्त तात्या यायचे होते, आणि मी त्यांना निरोप धाडला, की एसटीच्या नादी लागू नका, न्यायला येतो.

माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, एकदा रिकामी फिरवून तरी बघा."

मी म्हणालो, जाताना रिकामीच असणार आहे.

आणि खरोखर, जाताना होडी छान गेली. थोडं पाणी आत आलं, ते मी डालड्याच्या डब्यानं उपसलं. पलीकडे तात्या तयार होते. परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर, नेहरू शर्ट, डोक्याला फेटा. मी स्वतः बारदानाच्या घडीवर बसून वल्हवत होतो. तात्यांना मात्र मानानं हिरव्या फळीवर बसवलं.

होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं. निम्म्याच्या पुढे आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन माणसांच्या वजनानं होडी खाली बसली आहे, आणि वरच्या ज्या फटी जाताना कोरड्या होत्या त्या आता पाण्याखाली आल्या आहेत. मी डबा तात्यांच्या हातात दिला. ते उपसू लागले. मी वल्हवू लागलो. पाणी आमच्या दोघांपेक्षा कष्टाळू निघालं.

काठ जवळ आला. तिथं सुमन, लता आणि राजुरीचे सगळे पाहुणे उभे होते. व्याही होडीतून येताहेत म्हटल्यावर चहा अर्धवट सोडून ते बघायला आले होते. मी वल्हं खाली घालून पाहिलं, पाणी छातीएवढं. म्हटलं, तात्या, भ्यायचं कारण नाही, उतरून चालत जाऊ.

तात्या उठायला गेले आणि पुन्हा बसले. मला वाटलं, गुडघे. मी हात दिला, ओढलं. तात्यांबरोबर फळीही कुरकुरली. उन्हानं हिरव्या रंगाखालचं डांबर पाघळलं होतं, आणि धोतर त्यात मागच्या बाजूनं पुरतं रुतलं होतं.

"जावईबापू," तात्या शांतपणे म्हणाले, "ह्ये काय लावलंय?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी काठाकडे पाहिलं, होणाऱ्या व्याह्यांकडे पाहिलं, पोटरीपर्यंत आलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग फेटा सारखा केला आणि कासोटा सोडला.

तेवढ्यात फटींतल्या चिंध्या सुटून एकेक करत पाण्यावर येऊ लागल्या. मोरपंखी रंग, जरीचा काठ. काठावरून सुमनचा आवाज आला, "ती माझी साडी आहे का?" बाप बुडत असताना लेकीनं साडीची चौकशी करावी, याचं तात्यांना वाईट वाटलं असेल. पण ती साडी त्यांनीच घेतलेली होती.

आम्ही चालत काठाला लागलो. पुढे तात्या, फेटा आणि शर्टात, खाली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी. मागे मी, हातात डालड्याचा डबा. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. लतानं तोंड पदरात लपवलं. ती रडते आहे असंच मला वाटलं. पोरीचं लग्न मी डांबरात घातलं होतं.

पाहुण्यांतले म्हातारे आजोबा पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून तात्यांच्या कमरेला स्वतः गुंडाळलं.

"व्याही," ते म्हणाले, "जावयाची हौस म्हणून ज्यानं धोतर सोडलं, त्याच्या लेकीला आमी आनिक काय पारखायचं? चला, सुपारी फोडू."

मग मात्र सगळे हसले. सर्वांत जास्त लता. ती मघापासून हसूच दाबत होती.

होडी तिथंच बुडून राहिली. दहा-बारा दिवसांनी चार माणसं लावून बाहेर काढली, पाणी उपसलं, पुन्हा सोडली. एक थेंब आत येईना. कोंडाजीबाबा काठावर बसून मान डोलवत होते.

"बेस झालं बुडवली ते," ते म्हणाले. "वाळकं लाकूड आधी पान्यात ठिवावंच लागतं. मंग त्ये फुगतं, आन् फटी आपसूक बुजत्यात."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत?

"तुमी इचारलं न्हाई. म्हनलं, मास्तर हायेत, ठावं आसंल."

पुढे ती होडी सात-आठ वर्षं चालली. तात्या तिच्यातूनच येत-जात असत, सोबत बसायला स्वतःची घोंगडी घेऊन. अजूनही कुणी विचारतं, मास्तर, ती होडी तुम्हीच दुरुस्त केली ना? मी शिक्षक आहे, खोटं बोलत नाही. मी फक्त बुडवली. दुरुस्त पाण्यानं केली.