वेदना कमी पडते

मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. लेथवरून उतरलेला माल मोजायचा, बरा असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणजे दिवसभर मी नाकारतो आणि संध्याकाळी घरी येऊन नाकारला जातो. फरक इतकाच, की आमच्याकडे लाल रंग लावला की कारण लिहावं लागतं. भोक मोठं झालंय, कड उडालीय, काहीतरी. 'आमच्या सध्याच्या नियोजनात बसत नाही' असं लिहून मी एखादा शाफ्ट परत पाठवला, तर लेथवाला मला कँटीनमध्ये गाठेल.

पहिल्या प्रकाशकांनी हेच लिहून माझी कादंबरी परत पाठवली होती. दुसऱ्यांनी ती इतके दिवस ठेवून घेतली, की मला वाटलं वाचून वाचून पाठच करताहेत. शेवटी फोन केला, तर म्हणाले, "कुठली कादंबरी?"

कादंबरी एका निवृत्त एसटी ड्रायव्हरची आहे. साठी उलटल्यावर तो पेटी शिकायला घेतो, सगळ्या गल्लीची सकाळची झोप उडवतो आणि समोरच्या शिलाईवाल्या बाईंच्या प्रेमात पडतो. त्या बाई विधवा, तोंडाने फटकळ. बस, एवढंच. मला ती लिहिताना हसू यायचं. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "एकटेच काय हसताय?"

तिसऱ्या प्रकाशकांनी मात्र भेटायला बोलावलं. मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुण्याची एसटी धरली. साहेबांनी चहा मागवला. एवढासा कप. पुण्यात लेखकाला किती चहा द्यायचा हे बहुतेक त्याच्या पुस्तकांवरून ठरत असावं.

"तुम्ही नगरचे. म्हणजे दुष्काळी भाग," साहेब म्हणाले.

"शहरात राहतो. नळाला पाणी येतं, एक दिवसाआड."

ते जरा हिरमुसले. आडनावावरून बाकीचं त्यांनी ओळखलंच होतं. "मग या तुमच्या ड्रायव्हरला जातीचा काही त्रास कसा होत नाही?"

"होतो की साहेब. पण कादंबरीत जो काळ आहे, तेव्हा त्याला सायटिकाचा त्रास जास्त होता."

साहेब हसले नाहीत. "लेखन चांगलं आहे हो," ते म्हणाले, "पण वेदना कमी पडते." आमटीत मीठ कमी पडावं, तसा सूर. मग घरच्यांची चौकशी सुरू झाली. आई काय करायची? मी म्हणालो, पाथर्डीकडची आहे, तरुणपणी ऊसतोडीला जायची, बेलापूर-श्रीरामपूरकडच्या फडात. साहेब खुर्चीत ताठ झाले. "अहो, मग हे सोडून तुम्ही पेटी काय वाजवत बसलात! आईवर लिहा. तुमच्याकडे खजिना आहे. वर्षभरात काढू आपण."

आईच्या मोडलेल्या कमरेला खजिना म्हणणारा पहिला माणूस मला भेटला होता. दुसरा चहाही आला, या वेळी मोठ्या कपात.

खोटं कशाला बोलू, मला छापून यायचं होतं. फार वाटत होतं. कारखान्यात गेटवरचा वॉचमनसुद्धा "काय लेखक, आली का?" असं विचारायचा, आणि त्याला मासिक आणि कादंबरी यातला फरक सांगून मी थकलो होतो. मेव्हण्याने तर त्याच्या ओळखीच्या लग्नपत्रिकावाल्याचं नाव सुचवलं होतं. म्हणे, "छापून देईल, वर बुद्धाचा फोटो फुकट टाकेल." तर आता खरा प्रकाशक हो म्हणत होता. अट एकच, वेदना हवी.

घरी आल्यावर मी आईला समोर बसवलं. "आई, तुझ्यावर लिहायचंय. फडातलं सांग."

"लिही की," आई म्हणाली. "मुकादमाचा एक रेडिओ हुता. दिवसभर कानाला. आमी बायांनी त्यो चालूच उसाच्या मोळीत घातला, आन मोळी गाडीत. ऊस गानं म्हनत कारखान्याच्या काट्यावर गेला बग! आन मुकादम मागनं पळतुय!" ती हसता हसता खोकायला लागली.

"ते झालं गं. हाल नाही का झाले तुमचे?"

"झाले की. ते काय सांगायचं?" असं म्हणून ती शेंगा निवडायला बसली.

खजिन्याचीच नाखुशी म्हटल्यावर काय करणार? तेव्हा फडात आईसोबत असलेल्या मावशीकडून मी ऐकलेलं होतं, ते लिहिलं. माझ्या आधीची एक बहीण फडातच जन्मली होती. थंडीचे दिवस, राहायला उसाच्या पाचटाची झोपडी, कोपी म्हणतात ती. महिनाभरात गेली. आई दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन कामावर उभी राहिली. आई हे कधी बोलत नाही. प्रकरण झकास उतरलं. रेडिओ मी गाळला. ऐन वेदनेत गाणं लागलं, तर साहेब पुन्हा म्हणणार कमी पडते.

ते वर्षावासाचे दिवस होते. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या कॉलनीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि माझा आवाज दणकट म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. त्या दिवसाचं वाचन संपलं की सगळे हात जोडून म्हणतात, "साधु, साधु, साधु." मग खीर. त्या दिवशी खीर ज्यांच्याकडे होती, त्यांचा गॅस ऐन वेळी संपला. बायका कंटाळल्या. महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "भाऊ, खीर येईस्तोवर तुमचं काहीतरी वाचा की."

मोबाईलमध्ये नवं प्रकरण होतंच. साहेबांना पाठवायच्या आधी चार माणसांवर तपासून बघावं, हा विचार आला. शेवटी धंदा तोच ना. आई नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळच्या खुर्चीत होती. मी वाचलं. आवाज जिथे दाटायला हवा तिथे बरोबर दाटला. पंखा तेवढा फिरत होता. वाचून संपलं, आणि सवयीने सगळ्यांचे हात जोडले गेले. "साधु, साधु, साधु." मग सगळ्या बायका वळून आईकडे बघायला लागल्या. एकीने तर उठून तिच्या पायाला हात लावला.

माल पास, असं मी मनात म्हणालो. खीर आली. आईने घेतली नाही.

घरी चालत जाताना ती म्हणाली, "त्या बाया माझ्याकडं कशा बगत हुत्या, पाह्यलंस का? आजपातुर म्हनायच्या, मावशी, तू लई आगाव हायेस. आता हात जोडत्यात. मी काय मेले व्हय?"

"अगं, त्यांना भरून आलं."

"ती पोरगी माझी हुती," आई म्हणाली. "तिचं मी कुनाला सांगितलं न्हाई. तुज्या बापाजवळ बी कदी बोलले न्हाई. आन तू ती खिरीची वाट बगताना वाचून दाखिवली."

मला स्वतःची किळस आली, आणि ती कुठल्याही शैलीत चांगली दिसत नाही.

"आन रेडिओचं का न्हाई घेतलंस?" तिने दारात चप्पल काढताना विचारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना फोन लावला. म्हणालो, आईचं जमणार नाही, ड्रायव्हरचं छापता का बघा. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "संधी घालवताय तुम्ही. वेदना फार थोड्यांच्या वाट्याला येते हो." त्यांच्या वाट्याला ती आली नाही, याचं त्यांना खरंच दुःख झालेलं दिसलं. फोन ठेवला आणि डबा तसाच बंद केला. वाईट वाटलं. आईचं प्रकरण मी तिथेच बसून पुसून टाकलं. आता ना वेदना, ना पुस्तक.

त्या संध्याकाळी खीर वेळेवर आली होती, तरी ताईंनी विचारलं, "भाऊ, आज काही वाचणार का?" मी मागे बघितलं. आई म्हणाली, "त्या डायवरचं वाच."

मी वाचलं. ड्रायव्हर नवा शर्ट शिवायचा म्हणून पुन्हा माप द्यायला जातो, ते प्रकरण. पहिल्या पानातच मध्ये बोलणं सुरू झालं. "आत्ता गं! तिनं माप आधी लिहून घेतलं न्हाई व्हय?" "तिला बी पाह्यजेच आसंल!" "म्हातारा लई चावट हाय." ड्रायव्हरशी तुलना होऊन कुणाचा तरी घरी बसलेला नवरा बिचारा उगाच शिव्या खाऊन गेला. आईचा हसताना खोकला थांबेना, तिला पाणी द्यावं लागलं. प्रकरण संपलं, तर कुणी हात जोडले नाहीत. सगळ्या एकदम ओरडल्या, "पुढं काय?"

पुढचं उद्या, असं मी सांगितलं. खीर खाऊन निघालो. कोपऱ्यावर वळताना आईने माझा दंड धरला.

"उद्या जरा लवकर निघू," ती म्हणाली. "मागं नीट ऐकू येत न्हाई. मला म्होरं बसायचंय."