डोंगराच्या उजवीकडचं नाव

आमच्या वस्तीच्या डोक्यावरचा डोंगर म्हणजे मावशी. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण आमच्याकडे लोक डोंगराकडे बघून म्हणतात, कारण वस्तीच्या टाकीत पडणारं पाणी तिच्या पोटातल्या झऱ्याचं आहे. तिच्या डावीकडचा उंच, उघडाबोडका डोंगर म्हणजे आत्या. कोरडी, खडूस, पण नात्यातली. जुना सरकारी हुकूम असा की मावशीवर कुणी खोदायचं नाही. नवा परवाना असा की खाणवाल्याने आत्या फोडायची. इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग एका सकाळी खाणवाल्याची माणसं आली आणि थेट आमच्या झऱ्याच्या वरच्या खडकावर चुन्याचे पट्टे मारायला लागली.

मी पदर खोचून धावले. मुकादमाने शांतपणे छापील नकाशा उघडला. "बघा ना ताई, हीच आत्या."

खरंच, आमच्या डोंगरावर आत्या लिहिलेलं होतं. आणि मावशी? ती सरकून उजवीकडच्या टेकाडाला चिकटली होती. हमरस्त्याकडेचं ते टेकाड एवढंसं, की त्यावर चढायला शेळीही लाजेल.

"तुमच्या मावशीला कोण हात लावतंय?" मुकादम म्हणाला आणि त्याची माणसं फिदीफिदी हसली.

मी आरडाओरडा करून सुनावणी पदरात पाडून घेतली. पण आरडाओरड्याला पुरावा म्हणत नाहीत. तो शोधायला मी भूमापन कचेरीच्या नकाशाघरात गेले आणि तिथे मला भिंगबाई भेटली.

हे नाव तिला कचेरीनेच दिलेलं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असे आणि ते काढल्यावर ती चाचपडल्यासारखी व्हायची. उमेदीत ती हाताने नकाशे काढायची. यंत्रं आली तशी तिला जुने नकाशे सांभाळायला बसवलं. लोकांना वाटलं, बाईला अडगळीत टाकलं. बाईला वाटलं, राज्य मिळालं. पत्र्याचे रुंद, उथळ खण, उन्हाने कागद पिवळा पडू नये म्हणून खिडक्यांना लावलेला खाकी कागद, आणि उंबऱ्याच्या आत चहाला बंदी. तिचा नवरा निवृत्त बसचालक. तो दुपारी डबा घेऊन यायचा आणि बाहेर व्हरांड्यातल्या स्टुलावरच बसायचा.

"एकदा चहाचा कप घेऊन आत गेलो होतो," तो म्हणाला. "तेव्हापासून मी आणि झुरळं एकाच यादीत."

मला बघून बाईचा पहिला प्रश्न: "हात धुतलेस का?"

मोठमोठ्या साहेबांच्या दारात मी दणादण घोषणा दिल्यात, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. मुकाट्याने धुऊन आले.

तिने तीन नकाशे काढले. एक फार जुना, हाताने काढलेला, कापडावर चिकटवलेला. दुसरा त्यावरून कुणीतरी नकललेला. तिसरा दुसऱ्यावरून छापलेला, म्हणजे मुकादमाच्या हातातला. जुन्यात नावं डोंगरांवर नव्हतीच, दोन डोंगरांच्या मधल्या जागेत होती. आत्या हे नाव डावीकडच्या पहिल्या डोंगराच्या आणि आमच्या मध्ये, मावशी हे आमच्या आणि टेकाडाच्या मध्ये. कुठलं नाव कुणाचं, काय कळणार? आणि दुसरा नकाशा तर सरळ आमच्या डोंगराला आत्या म्हणत होता.

माझं डोकं फिरलं. "बाई, हा मधला राहू द्या खणातच. खाणवाल्याच्या हाती आयतं कोलीत कशाला?"

तिने भिंग खाली ठेवलं. "माझ्या खोलीतला कागद मी लपवू? मग तुझ्यात आणि त्या चुनेवाल्यात फरक काय गं?"

"फरक असा, की मला पाणी लागतं!"

दार आपटून बाहेर आले. व्हरांड्यात नवरा डब्याची झाकणं पुसत होता. "भांडलात? मग झालं तुमचं काम," तो म्हणाला. "ती भांडली की झोपत नाही. लग्नापासून बघतोय."

आणि दुसऱ्याच दिवशी बाईचा निरोप आला.

"डोंगर बघू नकोस," ती म्हणाली. "मोकळी जागा बघ."

जुन्या नकाशेवाल्याने उतार दाखवायला डोंगर बारीक रेघांनी भरून काढले होते. आत अक्षराला जागा नाही. म्हणून नाव बाहेर. पण कुठल्या बाजूला? तिने भिंग नकाशाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे नदीकाठी एक डोंगर एकटाच उभा होता. शेजारी ना भाऊ ना बहीण. त्याचं नाव उजवीकडे. खालच्या कोपऱ्यात आणखी एक एकटा. त्याचंही उजवीकडेच.

"हात एकाच माणसाचा आहे," ती म्हणाली. "जेवताना जसा हात बदलत नाही, तसा नकाशा काढतानाही नाही. म्हणजे तुझ्या डोंगराच्या उजवीकडचं नाव तुझ्या डोंगराचं. मावशी. नकलणाऱ्याला डावीकडे नाव लिहायची सवय असणार. त्याने प्रत्येक नाव पुढच्या डोंगराला देऊन टाकलं."

"आणि पहिला डोंगर?"

"आता बघ की तुझा तो लपवायचा नकाशा."

बघितला. रांगेतला सगळ्यात दांडगा डोंगर, आणि त्याला नावच नाही! टेकाडाला नाव, आणि डोंगर बेवारशी. रांगेतले सगळे एकेक खुर्ची पुढे सरकले की पहिली रिकामी राहते, तसं.

"हा खणात ठेवला असता, तर ही रिकामी खुर्ची सुनावणीच्या साहेबाला कशात दाखवली असतीस?"

मी कान पकडले. वस्तीत विचारा, असं कितीदा घडतं ते.

सुनावणीला भिंगबाईने तोच नकाशा सगळ्यात आधी टेबलावर पसरला. खाणवाल्याच्या वकिलाचा चेहरा खुलला. तिने साहेबांच्या हातात भिंग दिलं. "यातल्या सगळ्यात उंच डोंगराचं नाव वाचता का, साहेब?"

साहेबांनी शोध शोध शोधलं. "नाहीये हो." मग त्यांनीच जुना नकाशा मागून घेतला, दोन्ही एकटे डोंगर स्वतःच्या बोटाने तपासले, आणि वकिलालाही भिंग दिलं. त्याने बघितलं आणि तो खाली बसला. निकाल तिथेच लागला. आमची ती मावशी, डावीकडची आत्या, नवा नकाशा दुरुस्त करायचा, मावशीवर कुदळ लावायची नाही. खाणवाल्याला त्याची आत्या मिळाली. त्याचंही काही बुडालं नाही.

बाईने हा डोंगर जन्मात पाहिला नव्हता. आम्ही तिला बोलावलं. गुडघे धरत, नवऱ्याच्या खांद्याला टेकत ती झऱ्यापर्यंत आली. खडकावर चुन्याचे पट्टे अजून होते. आभार मानायची मला सवय नाही, सभेत ते काम मी दुसऱ्यावर ढकलते. पण त्या दिवशी मनातल्या मनात मोठं भाषण रचून नेलं होतं. बाई, आमच्या घराघरातल्या हंड्यात तुमचा हात आहे, वगैरे. वस्तीही ऐकायला जमली होती.

मी घसा खाकरला. बाई खाली वाकली आणि ओंजळीने पाणी प्यायली. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी, नवऱ्याला दिली.

भाषण मी गिळून टाकलं. पाणी पिणाऱ्याला थांबवून आभार ऐकवू नयेत, एवढी अक्कल मला आहे.