निवडायला काही आहे का?

समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या सुशीलाकाकू दुपारी दारात येऊन विचारतात, "निवडायला काही आहे का गं?" त्यांची मेथी सकाळीच निवडून झालेली असते. आज माझ्याकडेही काही नव्हतं.

"बसा की जरा निवांत," मी म्हटलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "हात रिकामे ठेवले की घरात कुणीतरी आहे असं वाटतं गं."

मी पाकिटातले स्वच्छ तांदूळ ताटात ओतून दिले. खडा एकही निघाला नाही, तरी त्या शोधत राहिल्या.

त्या गेल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसले. फुरसत मिळत नाही म्हणून वर्षभर कुरकुरले होते. आता ती अशी समोर येऊन बसली, तर तिच्याकडे बघवेना. आतल्या खोलीत कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तिकडे न बघता मी ताट पुढ्यात ओढलं.