तांदळात पिकलेली नासपती

तांदळाच्या डब्यातून पिकल्या फळाचा वास आला, की मला कॅनडातल्या किचनर गावातली २०१६ सालची पानगळ आठवते.

आमच्या शेजारच्या मार्थाबाईंचे पणजोबा जर्मनीहून येथे येऊन शेतकरी झाले होते. त्यांच्या शेतावर आता घरे उठली होती. त्यांनी लावलेले नासपतीचे एक झाड तेवढे कुणाच्या परसात उरल्याचे बाईंनी ऐकले होते. ते त्यांचेच का, हे आपल्या हयातीत कळावे, एवढीच बाईंची इच्छा. या भागात लोकांचे अर्ज लिहिणारा मी एकटाच असल्याने त्या घराच्या मालकापुढे बाजू मांडण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

बाईंना सोबत घेऊन त्या घराच्या दारात उभा राहून मी विनंतीपत्र वाचू लागलो. दुसऱ्याच वाक्याला मालक सरदारजी हसले. "अंकल, नाशपाती चाहिए तो सीधा बोलो ना! पर पत्थर है, कोई खाता नहीं."

फळ खरोखरच दगड होते. बाईंचा चेहरा उतरला. "माझ्या ओमाकडची लोण्यासारखी असायची. बडीशेपेचा वास यायचा." ओमा म्हणजे त्यांची आजी.

घरी माझी पत्नी फ्लोरी म्हणाली, "अहो, वसईला आपण सीताफळ झाडावरून काढून लगेच खायचो का? आणा इकडे." तिने ती फळे तांदळात पुरली.

आठवड्याने बाईंनी आमच्या टेबलाशी बसून एक फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. "ओमा," एवढेच म्हणाल्या, आणि दुसरी फोड मागितली.

तेव्हा हे यश मी माझ्या विनंतीपत्राचे मानले होते. आता दर पानगळीत सरदारजी पिशवी भरून पाठवतात, आणि मार्थाबाई फोनवर फ्लोरीलाच विचारतात, "डब्यात जागा केलीस ना?"