ओल शोधणारे साडू

ओल आलेली भिंत दिसली की आमच्या साडूंचा चेहरा जसा फुलतो, तसा नातवंडं पाहूनही कुणाचा फुलत नसेल. माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, थोरल्या बहिणीचे हे यजमान. मेव्हणी गेल्यापासून इगतपुरीला एकटेच राहतात. सगळी नोकरी धरणांवर झाली, त्यामुळे जगात कुठेही पाणी झिरपलं तरी ते आपल्याच हातून सुटलंय, अशी त्यांची समजूत. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींवर टिचक्या मारतात आणि मग टेकतात. एका साखरपुड्यात मुलाकडच्यांनी कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं आमचं घर?" हे गंभीरपणे म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. पश्चिमेची भिंत मात्र दाखवून घ्या."

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन ठेवायच्या जागेला बिल्डरने 'ड्राय बाल्कनी' असं नाव दिलं होतं. नेमके तिथल्याच भिंतीचे पोपडे पडू लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू बादल्या ओतून फरशी धुतात, हे निदान वंदनाने परस्पर करून टाकलं आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळही वर गेला नाही.

साडूंच्या कानावर हे गेलं आणि ते मुक्कामाचीच बॅग घेऊन आले. भिंतीला गाल लावला, वास घेतला, आजारी माणसाजवळ बसावं तसे स्टूल टाकून बसले. "वरून आली असती तर छताजवळ डाग असता. ही खालून चढलीय," म्हणाले. मशीन बंद करवलं. वंदना हाताने कपडे धूत राहिली आणि डाग फिकट होत गेला. मशीन पुन्हा लावलं, तर डाग गडद. भिंतीत शिरणाऱ्या पाइपचा सांधा गळत होता.

"म्हणजे दोष आपलाच," साडू म्हणाले. "वर जाऊन बोलून ये."

"भावोजी, आधी प्लास्टर तर होऊ द्या."

"तू आल्याशिवाय मी सांध्याला हात लावणार नाही."

वंदना बेसनाचे लाडू घेऊन वर गेली. काकूंना अबोला कळलाच नव्हता. "मला वाटलं, तुझी तब्येत बरी नाही," एवढंच त्या म्हणाल्या. याचं वंदनाला जास्त वाईट वाटलं. साडूंनी सांधा बदलून घेतला, प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, आणि भिंत खडखडीत वाळेपर्यंत रंगाऱ्याला दारातही उभं केलं नाही.

दिवाळीत आम्ही इगतपुरीला गेलो. मेव्हणीच्या माघारी पहिल्यांदाच. स्वयंपाकघराची अख्खी भिंत फुगलेली, पिस्ता रंगाचे पोपडे ओट्यावर लोंबत होते. मला राहवलं नाही. "तुमच्याच घरी हे?"

"गच्चीतली फट कधीच बुजवली," ते म्हणाले. "भिंत आतून वाळलीय. खरवडून रंग द्यायचा राहिलाय." मग म्हणाले, "हा रंग हिने निवडला होता. दुकानात विचारलं, आता येत नाही म्हणतात."

त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. वंदना त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आलं किसू लागली.