देवळातला माइक

मुरुडच्या स्टँडसमोर चाचांचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान आहे. कपाळावर नमाजाचा घट्टा, वायर दातानं सोलायची सवय. मशिदीचा भोंगा बिघडो की आमच्या गावातल्या मारुतीचा, हात त्यांचाच लागतो. दरवर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी ते देवळात भोंगा जोडायचे आणि माइकवर विचारायचे, "हॅलो, एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?" बाया घराघरातून ओरडायच्या, "हाव चाचा!" खरं सांगायचं तर आमचा सप्ताह तिथूनच सुरू व्हायचा.

यंदा भोंगा जोडून झाला आणि त्यांनी माइक माझ्यापुढं धरला. "गुरुजी, तुमीच बोला."

"का हो? दरसाल तुम्हीच बोलता की."

पायऱ्यांवर मोबाईल बघत बसलेल्या माणसांकडं पाहून ते हळूच म्हणाले, "मी एक-दोन-तीनच म्हणंल. पण कुणी व्हिडिओ काढला अन् खाली भलतंच लिवलं तर? भोंगा मला बंद करता येतो गुरुजी. त्यो मोबाईल न्हाई येत."

"काहीतरीच काय चाचा! आपल्या गावात कोण करतंय असं?" मी हसलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात पायरीवरचा एक मोबाईल आमच्याकडं वळला. कोण होता, कशाला वळला, मी बघितलंही नाही. चाचांच्या खांद्यावरचा हात मात्र मी काढून घेतला.

मग माइकवर मीच विचारलं, ऐकू येतंय का. एकाही घरातून "हाव" आलं नाही.