रिंग गेली, आवाज अडला

माझ्या आईला मोबाइल म्हणजे साबणाची वडी वाटते. "हातातून निसटतो मेला! मला आपला रिसीव्हर हवा." म्हणून ती आमच्याकडे जयपूरच्या मानसरोवर भागात राहायला आली तेव्हा नवऱ्यानं टेबलावरचा, पण इंटरनेटवर चालणारा फोन आणला. नवरा रेल्वेच्या टेलिफोन खात्यात. घरातही एक्स्चेंज थाटल्याशिवाय त्याला चैन कुठलं!

पहिला फोन नाशिकच्या मावशीला लावायचा, हे मीच ठरवलं. आजी गेली त्या थंडीत मावशी शेवटचं भेटायलाही आली नाही, म्हणून आईनं या धाकट्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. आता दोघींची वयं झाली. असंच राहून जायला नको. आठवडाभर मागे लागले तेव्हा आई म्हणाली, "लाव एकदाचा!"

ताईचा फोन येईल, हे मी मावशीला आधीच कळवलं होतं. तिनं मोबाइल उचलला. स्पीकरवर तिचं "ताई?" ऐकलं मात्र, आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आता आठवली होय ताई?" मावशी आपली नुसती हॅलो, हॅलो करतेय.

नवरा लॅपटॉपकडे धावला. जयपुरात राहून त्याच्या मराठीत 'मतलब' चांगलाच मुरलाय. "रिंग गेली, त्यांनी उचलला, दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना हो म्हणाली. मतलब, सिग्नलिंग ठीक आहे. पण बोलणं वेगळ्या रस्त्यानं जातं. त्यांचा आवाज येतोय, आपला मात्र राउटरपाशी अडलाय."

"अहो, आजच अडायचा होता का?" मी कपाळाला हात लावला.

आईचं काहीच ऐकू न येणाऱ्या मावशीला ती शांतता वेगळीच वाटली. "ताई, आज तू मला मध्येच तोडत नाहीयेस," ती हळूच म्हणाली. "मी आले होते गं त्या दिवशी. जिन्यापर्यंत. आईला तसं बघायचा धीरच होईना. मग वरून तुमचं रडणं ऐकलं आणि पायरीवरच बसून राहिले. नंतर कुठल्या तोंडानं वर येणार होते?"

आई फोनजवळ सरकली.

"सापडलं," नवरा पुटपुटला. "जोडू?"

"थांबा जावईबापू. आधी तिचं होऊ द्या."

आईनं कुणाचं मध्ये न बोलता ऐकून घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. इतकी माया दाटून आली तिची!

मावशी बोलता बोलता रडायला लागली. "ताई, आहेस ना?"

आईनं मान हलवली, नवऱ्यानं आवाज जोडला. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"त्या गार पायरीवर कशाला बसलीस गं? थंडी बाधली असती ना, वेडे!"